‘पुरे’ म्हणायची जागा

बाळकुमच्या भोईरांच्या घरात एका वर्षी सकाळ-संध्याकाळ ‘मी, मी, मी’ असं ऐकू येऊ लागलं. वरच्या खोलीत जागृती आरशासमोर उभी राहायची आणि जीभ घशाकडे ओढून, कडू काढा प्यायल्यासारखं तोंड करून तेच तेच म्हणायची. खाली तांदळाच्या भाकऱ्या थापता थापता मंजुळा ऐकायची. काही दिवस तिने कळ काढली. मग एकदा पिठाच्या हातांनीच ती जिना चढून वर गेली.

“काय गं सारखं मी, मी? भांडलीस का कुणाशी?”

“आई, हे आपलं ‘मी’ नाही. रशियन आहे. त्यांच्यात ‘मी’ म्हणजे ‘आम्ही’.”

“‘आम्ही’ का ‘आपण’?” मंजुळाने सवयीने विचारलं. ती मराठी घेऊन बी.ए. झालेली होती आणि आजूबाजूच्या कॉम्प्लेक्समधल्या इंग्रजी शाळांतल्या मुलांच्या शिकवण्या घ्यायची. चूक पकडायची खोड जिभेवरच बसली होती.

“दोन्ही. त्यांच्याकडे एकच शब्द आहे.”

मग ‘रशियन’ हा शब्द मंजुळाच्या डोक्यात उतरला. ती पलंगावर बसली. चादरीला पीठ लागलं, तेही तिला कळलं नाही.

या घरात तो शब्द कुणी काढत नसे.

जागृतीचा मोठा भाऊ कमलेश डॉक्टर व्हायला व्होल्गाकाठच्या एका शहरात गेला होता. ठाणे-डोंबिवलीकडची बरीच मुलं तेव्हा जायची. रघुशेठ भोईरांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, सगळ्या गावठाणाला सांगून ठेवलं होतं की आता नाक्यावर भोईरांचा दवाखाना उघडणार. तिसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यात ट्रामच्या थांब्यावर डोकी भादरलेल्या पोरांच्या एका टोळक्याने कमलेशला मारलं. परका म्हणून मारलं, एवढंच घरच्यांना कळलं. तो परत आला तेव्हा डाव्या कानाने ऐकू येणं बंद झालं होतं आणि पुस्तकं तो तिकडेच सोडून आला होता. पुढे त्याने मंडप-डेकोरेशनचा धंदा टाकला, तो चांगला चालला, लग्न झालं, मुलं झाली. पण थांब्यावर नेमकं काय झालं, ते त्याने कधीच सांगितलं नाही. आणि रघुशेठनी रशियाचं नाव घरातून काढून टाकलं. बातम्यांत आलं तर चॅनेल बदलायचे. बोलायची वेळच आली तर ‘तिकडचं’ म्हणायचे.

तेव्हा जागृती नववीत होती. भावाच्या कानाची पट्टी तीच बदलायची. एकदा तिने विचारलं, “दादा, त्यांना तुझा एवढा राग कशाचा आला?”

“त्यांनाच विचार जाऊन,” कमलेश चिडून म्हणाला होता.

तो चिडून म्हणाला आणि विसरला. पोरीने ते मनावर घेतलं.

बी.ए.नंतर राज्यशास्त्रात एम.ए. आणि त्याच्या जोडीला रशियनचा डिप्लोमा, असं तिने परस्परच ठरवून टाकलं होतं. रघुशेठना कळलं ते जेवायच्या ताटावर.

“दुनियेत दुसरी भाषा नाय काय गो? जपानी शीक, जर्मन शीक. तिकडचीच कशाला?”

“बाबा, मला त्यांना एक विचारायचंय.”

“काय इचारायचंय?”

“दादाला का मारलं.”

कमलेश ताट उचलून आत निघून गेला. रघुशेठनी हातातला घास ताटात ठेवला. “आमच्या घरात ती भाषा नाय चालणार,” एवढंच बोलले आणि हात धुवायला उठले.

मंजुळाने मग जे तिला जमत होतं ते केलं. तिने हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. वरच्या खोलीला जाड पडदे शिवले, म्हणजे आवाज खाली जाणार नाही.

पडद्याआड पोरगी एकेक पायरी चढत राहिली. एम.ए.ला पहिली आली. नेट झाली. पीएच.डी.ला नाव घातलं. विषय होता रशियातल्या कडव्या गटांच्या पुढाऱ्यांची भाषणं. मंजुळाचा शहाडचा भाऊ फोनवर विचारायचा, “ताई, जागू सध्या काय करते?” “राजकीय अतिरेकीपणावर अभ्यास करते.” की तो आवाज खाली आणायचा. मग हळूच, “पोलिसांना सांगून ठेवलंय ना?”

भाषा पक्की करायला ती तीन महिने मॉस्कोला गेली, तेव्हा बॅगेत दोन मफलर, सुक्या जवळ्याची चटणी, आणि मंजुळाची एकच सूचना: ट्रामच्या थांब्यावर उभी राहू नकोस. रोज फोनवर तेच. “आई, इथे मेट्रोने जातात गं!” “मग मेट्रोच्या थांब्यावर पण उभी राहू नकोस.” रघुशेठ त्या वेळी मुद्दाम बाहेर ओटीवर जाऊन बसायचे; पण ओटीचं दार उघडं असायचं. पोरगी परत आली तेव्हा विमानतळावर मंजुळाने आधी तिचे दोन्ही कान चाचपून पाहिले आणि मग मिठी मारली.

पुढच्या खेपेला जाऊन माणसांना भेटायचं, मुलाखती घ्यायच्या, असं ठरलं होतं. ते राहूनच गेलं. आधी साथ आली, मग युद्ध सुरू झालं. तिचे मार्गदर्शक राजरत्न सर मोठे सरळ गृहस्थ. म्हणाले, “जागृती, विषय बदल. माझ्याच दोन विद्यार्थ्यांनी बदललाय. यात कमीपणा नाही.” ती म्हणाली, “सर, माझ्याकडे भाषणं आहेत.” जुन्या सभांची ध्वनिमुद्रणं तिने जमवली होती. मोठ्या मैदानांवरची नव्हेत. तळघरातल्या व्यायामशाळा, फुटबॉल क्लबच्या खोल्या, कुणाच्या तरी गॅरेजमध्ये जमलेली पाचपन्नास माणसं. ती ऐकून ती आधी मराठीत उतरवायची आणि मग इंग्रजीत. थेट इंग्रजीत घेतलं की सगळ्यांचा आवाज एकसारखा होतो, असं तिचं म्हणणं.

पण भाषणं म्हणजे प्रबंध नव्हे. सरांनी स्पष्टच सांगितलं होतं: तुझं असं काहीतरी त्यातून निघालं पाहिजे, नाहीतर विद्यापीठाचं संशोधन मंडळ ते परत पाठवेल, आणि मुदत तर वर्षभरातच संपतेय. एकदा नोंदणी रद्द झाली की इतक्या वर्षांचं सगळं पाण्यात. मंजुळाला तेवढीच काळजी नव्हती. पोरगी हात हलवत परत आली, तर रघुशेठ जन्मभर म्हणणार की तिकडच्यांनी माझी दोन्ही पोरं खाल्ली. एका पोराचं दुःख कसंबसं गिळलेल्या माणसाला ती ओळखून होती.

एका दुपारी मंजुळा वालाचं बिरडं सोलत बसली होती. जागृती कागद घेऊन खाली आली.

“आई, हे ऐक जरा. मराठी कानाला कसं लागतं तेवढं सांग.”

“मला नको तसलं काही ऐकवू.”

“नाही ऐकवलं तर तू गुपचूप वाचतेसच की.”

हे खरं होतं. पोरगी अडचणीत येईल असं काही त्यात आहे का, ते पाहायला मंजुळा अधूनमधून तिचे कागद चाळायची. ती परत बिरडं सोलू लागली. जागृती वाचू लागली.

“‘मित्रांनो, आपल्या गल्लीतली बेकरी बंद झाली. आपल्या पोरांना काम नाही. आपण सकाळी उठतो आणि कुठे जायचं ते आपल्याला कळत नाही.’”

“खरंय बिचाऱ्याचं,” मंजुळा म्हणाली. “बेकरी का गं बंद पडली?”

“आई! ऐक ना. ‘आपण अर्ज केले. आपण वाट पाहिली. आता आम्ही ठरवलंय. आम्ही यापुढे वाट पाहणार नाही. तुम्ही घरी जाऊन विचार करा की—’”

“पुरे.”

“का? काय झालं?”

“पुरे म्हटलं ना. भीती वाटली मला.”

“अगं, त्याने अजून कुणाला शिवीसुद्धा दिलेली नाही!”

“तरीपण. दुसरं काहीतरी वाच.”

दुसरं वाचलं. दुसरा माणूस, दुसरं शहर, बोलायची पद्धत दुसरी. हा तर विनोद करत होता, मंजुळाला हसूही आलं. आणि मध्येच तिचा हात बिरड्याच्या ताटात थबकला. “पुरे.”

मग तो रोजचाच कार्यक्रम झाला. जागृती वाचायची, मंजुळा हातातलं काम करत ऐकायची आणि कुठेतरी थांबवायची. जागृती तिथे पेन्सिलीने फुली मारायची. वर जाऊन ती त्या फुल्यांकडे बघत बसायची. आईला काय खुपलं? शिवीगाळ नाही. मारामारीची भाषा नाही. परक्यांचा उल्लेखसुद्धा नाही. तो पानभर पुढे येत होता. म्हणजे ज्या गोष्टी सगळे अभ्यासक मोजतात, त्या सुरू व्हायच्या आधीच आई घाबरत होती. आणि दर वेळी.

“आई, नक्की काय होतं तुला?”

“मला काय माहीत! इतका वेळ तो आपल्याजवळ बसून बोलत असतो. आणि एकदम उठून उभा राहिल्यासारखा वाटतो.”

जागृती एका संध्याकाळी अशीच फुल्यांसमोर डोकं धरून बसली होती. खाली शिकवणी चालू होती. सातवीतली ऐश्वर्या मोठ्याने आपला निबंध वाचत होती.

“‘बाई, आपण संडेला लोणावळ्याला गेलेलो. आपण खूप मस्ती केली.’”

“आपण?” मंजुळाचा आवाज. “मला कधी नेलंस गं? मी तर इथेच मासे साफ करत होते.”

“म्हणजे आमची फॅमिली, बाई.”

“मग ‘आम्ही गेलो’ म्हण ना राणी. ‘आपण’ म्हटलं की समोरचा आत. ‘आम्ही’ म्हटलं की समोरचा बाहेर. ज्याच्याशी बोलतेस तो आत आहे का बाहेर ते आधी ठरव, मग तोंड उघड.”

जिन्यावरून धडधडत कुणीतरी खाली आलं. ऐश्वर्या दचकली. जागृती दारात उभी होती, केस मोकळे, हातात कागदांची चळत.

“आई, परत बोल.”

“काय परत बोल?”

“आत्ता बोललीस ते! समोरचा आत, समोरचा बाहेर!”

त्या रात्री भात करपला, कारण मायलेकी जेवायच्या टेबलावर कागद पसरून बसल्या होत्या. प्रत्येक फुलीच्या शेजारी पहिलं ‘आम्ही’ होतं. त्याच्याआधी सगळं ‘आपण’. रशियनमध्ये दोन्हीकडे एकच शब्द, ते जीभ मागे ओढून म्हणायचं ‘मी’. इंग्रजीतही दोन्हीकडे एकच शब्द. ऐकणाऱ्या रशियन माणसाला दार लागल्याचा आवाजच येत नव्हता. जागृती मराठीत उतरवताना मात्र तिला प्रत्येक ठिकाणी एक निवडावं लागलं होतं, आणि नकळत, कानाने, तिने ते निवडलं होतं.

“म्हणजे मी उगाच घाबरत नव्हते,” मंजुळा म्हणाली.

“आई, इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुझं घाबरणं कामी आलंय.”

“पहिल्यांदा म्हणे! मफलर कुणी दिले होते?”

विद्यापीठात मंडळापुढे जागृतीने हे मांडलं, आणि तिथे सगळं कोसळलं. एक ज्येष्ठ गृहस्थ चष्मा पुसत ऐकत होते. म्हणाले, “मॅडम, रशियन माणसाच्या तोंडात ‘आपण’ आणि ‘आम्ही’ तुम्हीच घातलंत. आता ते तिथे सापडलं म्हणून आनंद करताय. स्वतःच्या खिशात रुमाल ठेवायचा आणि सगळ्यांसमोर काढून दाखवायचा, याला आमच्याकडे जादू म्हणतात, संशोधन नव्हे.” लोक हसले.

बाहेर आल्यावर राजरत्न सर म्हणाले, “बोलले वाईट. पण प्रश्न खरा आहे. तुझं भाषांतर न पाहिलेल्या, रशियन आणि मराठी दोन्ही येणाऱ्या माणसांनी तीच भाषणं उतरवली आणि तरी तेच निघालं, तर मी मंडळाशी भांडेन. नाही निघालं, तर नाही.”

जागृती घरी येऊन जिन्याच्या पायरीवर बसली. “दोन्ही भाषा येणारी माणसं कुठून आणू? रशियनच्या डिप्लोमाची मुलं आता मीच शिकवते. त्यांचा कान म्हणजे माझाच कान.”

 मंजुळाने चहा पुढे केला. रघुशेठ ओटीवर पेपर धरून बसले होते. पान मात्र बराच वेळ उलटलेलं नव्हतं.

दारात कमलेश उभा होता. मंडपाच्या झालरी खांद्यावर, उजवा कान पुढे केलेला.

“माझ्या बॅचची पोरं आहेत,” तो म्हणाला.

परत आल्यापासून त्याने त्यांच्यातल्या एकालाही फोन केला नव्हता.

“डॉक्टर झालेत सगळे. डोंबिवलीत आहेत, कल्याणला आहेत, एक वर्तकनगरला. सहा-सहा वर्षं काढली तिकडे. शिव्यासुद्धा रशियनमध्ये द्यायची.” त्याने झालरी खाली ठेवल्या. “आणि जागू, तू ते शब्दाचं बोलतेस ना, ते खरं आहे.”

“दादा, तुला काय माहीत?”

“मारणाऱ्यांतला एक माझ्या ओळखीचा होता.” कमलेश भिंतीकडे बघून बोलत होता. “दीमा नाव. हॉस्टेलमागे रविवारी फुटबॉल खेळायचा आमच्यात. गोल झाला की ओरडायचा, आपण जिंकलो! तुझं ते रशियन ‘मी’. त्यात मी पण असायचो. त्या दिवशी थांब्यावर तोच पुढे आला. म्हणाला, आम्ही तुला इथे राहू देणार नाही. शब्द तोच गं, तोच ‘मी’. मी आपला उभा राहून विचार करतोय, ह्यात मी धरलाय का नाही. पळायला पाहिजे होतं. पण मी विचारच करत राहिलो. तेवढ्यात कानावर बसली.”

ओटीवरचा पेपर खाली आला. रघुशेठ उठले, आत आले, पोराच्या पाठीवर हात ठेवून नुसते उभे राहिले. इतक्या वर्षांत कमलेश पहिल्यांदा त्याबद्दल बोलला होता, आणि ते कुणी विचारल्यामुळे नव्हे, तर बहिणीचं अडलं म्हणून. मंजुळाने पदर तोंडाला लावला.

मग तीन-चार आठवडे कमलेशचा टेम्पो मंडपाच्या बांबूंबरोबर रशियन भाषणंही वाहू लागला. डोंबिवलीचा डॉ. विनीत त्याला बघून पेशंट सोडूनच बाहेर आला. “कमल्या! अरे, साल्या, जिवंत आहेस?” तिथेच दोघं रडले, आणि बाकावर बसलेल्या तापाच्या पेशंटांनी माना दुसरीकडे वळवल्या. एकाने दुसऱ्याला कळवलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. गंजलेलं रशियन घासूनपुसून काढत सगळ्यांनी पेशंटच्या मधल्या वेळात भाषणं मराठीत उतरवली. वर्तकनगरच्या डॉक्टरांचं अक्षर तर असं, की शेवटी त्यांच्या खालच्या केमिस्टकडून वाचून घ्यावं लागलं.

जागृतीने त्यात एक मेख मारून ठेवली होती. कडव्या गटांच्या भाषणांत तिने साध्या सभांची भाषणंही मिसळली होती: पाणी येत नाही, घरभाडं वाढलं, शाळा बंद करू नका. कुठलं काय ते डॉक्टरांना सांगितलं नव्हतं.

कागद सगळे जमल्यावर ती वर गेली आणि दार लावून घेतलं. मंजुळाने तीनदा चहा नेला, तीनदा तसाच परत आणला. चौथ्यांदा गेली तेव्हा दार उघडलं.

“आई, पाण्यासाठी भांडणारी माणसं शेवटपर्यंत ‘आपण’च म्हणतात. सगळ्या डॉक्टरांकडे. आणि त्या दुसऱ्यांचं...” तिने कागद पुढे धरला.  “बहुतेक भाषणांत तू ‘पुरे’ म्हटलेल्या ओळीलाच ‘आम्ही’ आलंय. फार तर एखादी ओळ अलीकडे-पलीकडे. डॉक्टरांनी माझा कागदसुद्धा पाहिला नव्हता, आई!”

मंजुळाने पहिल्यांदा देवाला हात जोडले आणि मग विचारलं, “आता जेवशील का?”

राजरत्न सर मंडळाशी भांडले, प्रबंध मुदतीत गेला, आणि खुल्या मौखिक परीक्षेच्या दिवशी कमलेशने गाडी काढली. मागच्या सीटवर लग्नाच्या मंडपाचं उरलेलं गुलाबी कापड होतं, ते बाजूला सारून मायलेकी बसल्या. तेवढ्यात पांढराशुभ्र शर्ट घातलेले रघुशेठ पुढचं दार उघडून आत बसले.

“तुम्ही?” मंजुळा म्हणाली.

“एशीची हवा खायला चाललोय,” रघुशेठ समोर बघत म्हणाले. “चल रे.”

सभागृह भरलेलं होतं. मागच्या दोन रांगांत डॉक्टर बसले होते. दवाखाने बंद ठेवून आलेले. दिल्लीहून आलेल्या परीक्षक बाई बारीक, पांढऱ्या केसांच्या आणि दिसायला कडक होत्या.  तासभर प्रश्न चालले, जागृती उत्तरं देत राहिली. मग चष्मा पुसणारे गृहस्थ उभे राहिले.

“मॅडम, म्हणजे ‘आम्ही’ म्हणणारा प्रत्येक माणूस अतिरेकी? मी तर रोज म्हणतो, आम्ही कोल्हापूरचे.”

सभागृहात हशा पिकला. मंजुळाने डोळे मिटले.

“सर, माझे बाबाही म्हणतात, आम्ही बाळकुमचे,” जागृतीचा आवाज आला. तो शांत होता. “त्यात काहीच वाईट नाही. समोरच्याला पहिल्या वाक्यापासून माहीत असतं की तो पाहुणा आहे. बोलावलं तर तो चहा पिऊन जातो. मी म्हणते ती गोष्ट वेगळी आहे. आधी तासभर ‘आपण, आपण’ करून माणसं जवळ बसवायची, त्यांचं दुःख आपलं म्हणायचं, आणि मग न सांगता ‘आम्ही’वर यायचं. बसलेल्या माणसाला कळतच नाही की तो आत आहे का बाहेर. आत राहता यावं म्हणून तो मग सांगतील ते करतो. शत्रूचं नाव त्यानंतर येतं, सर. शत्रूचं नाव येईपर्यंत आपण सगळे थांबतो, आणि तोवर उशीर झालेला असतो. माझ्या भावाच्या बाबतीत फक्त एका वाक्याचा उशीर झाला.”

 गृहस्थांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, तिच्याकडे नीट पाहिलं, आणि म्हणाले, “रुमाल तुमच्या खिशातला नव्हता. मी माझे शब्द मागे घेतो.” आणि खाली बसले.

परीक्षक बाई प्रबंधाचं एक पान उघडून बसल्या होत्या. “जागृती, यहाँ फुटनोट में लिखा है, पहली श्रोता. जो हर बार ‘पुरे’ कहती थीं. ये कौन हैं?”

जागृतीने बोट दाखवलं. अख्खं सभागृह वळलं. मंजुळाला वाटलं आता खुर्चीखाली शिरावं.

“आज डर लगा आपको?” बाईंनी विचारलं. हसल्यावर त्या अजिबात कडक दिसत नव्हत्या.

मंजुळा उभी राहिली. हिंदी कधीच धड नव्हतं तिचं. “बहुत लगा. लेकिन मैं पुरे नहीं बोली.”

टाळ्या मागच्या रांगेतून सुरू झाल्या. डॉक्टर मंडळी उभीच राहिली. विनीतने तर शिट्टी मारली. थोड्या वेळाने निकाल जाहीर झाला, पदवीची शिफारस एकमताने, तेव्हा बाई म्हणाल्या की गुजरातीत आणि तमिळमध्येही असे दोन शब्द आहेत. तिकडच्या माणसांनाही ही भाषणं ऐकवून बघायला हवीत, आणि ते काम जागृतीनेच उभं करावं. सगळ्यांच्या टाळ्या थांबल्यावर एकट्याच टाळीचा आवाज येत राहिला. रघुशेठ वाजवत होते. आपण एकटेच उरलोय हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

डोंबिवलीच्या एका कॉलेजात जागृती आता राज्यशास्त्र शिकवते. जॉर्जियातल्या एका परिषदेचं निमंत्रणही आलंय. मंजुळाने ते ऐकून पहिला प्रश्न केला, “तिथे ट्राम आहे का?”

गावात मात्र ‘डॉक्टर’ एवढंच पोचलं. निकालाच्या दुसऱ्याच दिवशी समोरच्या कॉम्प्लेक्समधले एक गृहस्थ गुडघ्याचा एक्स-रे घेऊन दारात उभे. मंजुळाने त्यांना चहा पाजला आणि वर्तकनगरचा पत्ता दिला.

रघुशेठनी नाक्यावर फ्लेक्स लावायचं ठरवलं. नाही म्हणायची कुणाची टाप नव्हती. इतकी वर्षं न उघडलेल्या दवाखान्याच्या पाटीची जागा होती ती. फ्लेक्सवाल्याने मोबाइलवर नमुना पाठवला. जागृतीचा फोटो, भोवती झेंडूचं तोरण, आणि वर लाल अक्षरांत: ‘आमची कन्या डॉ. जागृती रघुनाथ भोईर.’ मंजुळाने चष्मा लावून वाचलं.

“हे ‘आमची’ काढा.”

“का? आमचीच हाय ना?”

“गावच्या रस्त्याने कॉम्प्लेक्सवालेही जातात. त्यांनी काय आपण बाहेरचे असं वाचून पुढे जायचं?”

रघुशेठनी नमुना परत एकदा वाचला. मग ओटीवर जाऊन त्यांनी फोन लावला. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा आवाज.

“हां, ऐक. ‘आमची’ नको. ‘आपली’ कर... हां, आपली. आपली जागृती... अरे, फरक काय म्हणून काय इचारतंस? त्याच फरकावर पोरगी डॉक्टर झायली माझी!”